दोन दिवसांचा मिळून

६ जानेवारी
चाळिसावी पट्टी झाली. १० जुलैची. द. चा त्या दिवशीचा मेसेज: ‘६४. धुकं. समोरचं घर दिसत नाही.’ दहा मिलिमीटरला दोन सूत, पाव इंच; म्हणजे पट्टी तेरा सुतांना थोडी कमी. रंग तीनदा पुसला. धुकं राखाडी नसतं, मागं जे असेल त्याचा रंग घेतं. समोरचं घर विटकरी आहे असं तो कधीतरी म्हणाला होता. शेवटी पांढऱ्यात चिमूटभर गेरू. आता नीट वाटतंय. उद्या उजेडात परत बघेन.

आठ बाय चारची प्लायवूडची फळी, भोरला, आप्पांच्या बोर्ड रंगवायच्या दुकानामागच्या खोलीत आडवी टेकवलेली. डावीकडून उजवीकडे उभ्या पट्ट्या, १ जूनपासून. द. रोज सकाळी साडेआठला घराशेजारच्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचा आणि आकडा मला पाठवायचा. ऐंशी दिवसांचे ऐंशी आकडे. ऐंशीव्या दिवशी तो गेला.

आप्पा दारातून डोकावले. “कसला गं पडदा हा?”
“पाऊस आहे. हिर्डोशीचा.”
“त्या खोऱ्यात येवढाच? मी तिकडं शाळेचा बोर्ड रंगवलेला, चार दिवस वाळला न्हाई.”
आकडे माझ्याकडे आहेत.

११ जानेवारी
गुंजवण्याच्या शाळेची भिंत. आप्पा सुविचार लिहीत होते, मी खालचा पट्टा ओढत होते. मागं राजगड दुपारभर निळा. दूरचा डोंगर निळा का दिसतो हे मी मुलांना शिकवते, पण बघताना प्रत्येक वेळी नवंच वाटतं.

शाळेत घालायच्या आधी आप्पांनी मला दुकानात बसवून अक्षरं शिकवली. पहिलं सलग वाचलेलं वाक्य, ‘येथे जाहिराती लावू नयेत.’ आधी जागा आख, मग अक्षर. जागा चुकली तर अक्षर कितीही देखणं असू दे. फ्लेक्स आल्यावर दुकान निम्मं झालं, पण दोरीनं रेघ मारायची पद्धत त्यांनी सोडली नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, गेरू लावायचा, मधून उचलून सोडायची. टप्प. रेघ.

द. पहिल्यांदा आला तो बोर्डासाठीच. ‘पर्जन्यमापक. हात लावू नये.’ मी विचारलं, एवढं मोठं अक्षर कशाला? म्हणाला, “तिथं म्हशीच येतात. त्यांना लांबून दिसलं पाहिजे.” जाताना, “आज चव्वेचाळीस पडला.” मी न विचारता. मग रोजच. मी त्याला सांगून ठेवलं होतं, मोठे आकडे ऐकले की मला भीती वाटते. तो धरणाकडेच्या रस्त्यानं गाडीवर येणार, आणि मी इथं बसून.

१९ जानेवारी
आज पाच महिने.

लिहूनच टाकते, रोज मनात फिरवण्यापेक्षा. १९ ऑगस्ट, सकाळी ८.४१, त्याचा मेसेज: ‘३१.’ मी: ‘एकतीसच? मग ये की आज.’ तो: ‘येतो.’ दुपारी रस्त्यावर दरड होती. कळलं ते तिसऱ्या दिवशी, वेल्ह्याच्या शाळेत, चहा पिताना, एका बाईंच्या तोंडून. ‘हिर्डोशीचा तो पाऊसवाला पोरगा.’ मी चहा संपवला. सातवीचा तास घेतला.

त्याच्या घरी आमचं हे कुणालाच माहीत नाही. आमच्या घरी माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या घरात देव्हारा, आमच्या घरात बुद्धवंदना. आधी कुणी कुणाला सांगायचं यावरूनच आमचं भांडण व्हायचं. आता दोघांचंही सांगणं माझ्यावर आलंय.

दुपारी डोळा लागला. स्वप्नात खोली पाण्यानं अर्धी भरलेली, स्वच्छ, खालच्या फरशा दिसतायत. द. मोजायची काचनळी डोळ्यांसमोर धरून उभा. ओठ हलतात, आकडा ऐकू येत नाही. मी म्हणते, लिहून पाठव. तो हसतो.

२ फेब्रुवारी
अडकले. २२ ते ३० जुलै, नऊ दिवस. त्या वेळी भांडण चाललेलं. रागानं त्याचे मेसेज आले तसे खोडत होते, न वाचता. स्वतःच्या हातानं.

पुण्याला माझ्या कॉलेजातल्या सरांना फोन केला. मेमध्ये प्रदर्शन आहे, ते माझं नाव सुचवतायत.
“अंदाजानं भर. कोण मोजायला येणार आहे?”
“मी.”
“आधुनिक चित्र आहे हे, तलाठ्याचा दाखला नव्हे. आणि नाव दे काहीतरी, नाहीतर लोक पडदा समजतील.”
त्यांनाही पडदा.

अंदाजानं भरणार नाही. जे त्यानं मोजलं तेवढंच. नाहीतर ही त्याची आठवण कशी?

८ फेब्रुवारी, हिर्डोशी
सकाळच्या एसटीनं. धरणाचं पाणी डाव्या हाताला, तासभर, काचेसारखं. जिथं दरड आली होती तिथं आता गवत वाळलंय. मी तिकडे बघितलं नाही. म्हणजे बघितलं.

बोर्ड अजून उभा आहे. माझं अक्षर. ‘हात’च्या कान्याखाली रंग उडालाय.

त्याची आई अंगणात शेणी उलटत होत्या. मी म्हटलं, मावशी, मी चित्रकलेची शिक्षिका, पावसाचं चित्र करतेय, नऊ दिवसांचे आकडे हवेत. खोटं काहीच नाही. पण खरंही नाही.
“कुनाची गं तू?”
“भोरच्या पेंटरची. तो बोर्ड मी लिहिलाय.”
त्यांनी बोर्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “आस्सं.”

चहा झाल्यावर आपणच बोलू लागल्या. “आदी मोबाईल, मग वही. भिजत हुबा ऱ्हायचा. म्या म्हनायची, आरं, कुनाला इकतोस रं पाऊस? तर म्हनं, उधारीवर देतो.”
मी कपात बघत राहिले.

वही फडताळातून काढली. “देनार न्हाई. हितं बसून उतरव.” मी नऊच दिवस मागितले होते, म्हणून बाकीच्या ओळींवर पट्टी आणि ओढणी ठेवली. त्या हसल्या. “झाकतीस कशापायी? चोरी हाय का?” त्याचा चारचा आकडा, उघड्या चोचीसारखा. मी हळूहळू उतरवलं.

निघताना कप विसळायला उठले, तर म्हणाल्या, “ठिव तितं.” सहज म्हणाल्या की माझा म्हणून? परतीचा सगळा रस्ता यातच गेला. मग आठवलं, त्यांनी त्यांचा कपही तसाच ठेवला होता.

“चित्तर झालं की मला दाव.” दुकानाची खूण सांगून आले.

२३ फेब्रुवारी
नऊ पट्ट्या भरल्या. या दिवसांत केवढा पाऊस! पाच दिवस शंभराच्या वर. एरवी त्याचा आकडा एकदाही शंभरापर्यंत आला नाही आणि आमचं भांडण होतं तेव्हाच आभाळ असं. चित्राच्या मध्येच ते नऊ दिवस फुगून आलेत, गडद. लांबून बघितलं की छातीवरून कुणी हात फिरवल्यासारखं वाटतं. मला आवडलं. आवडलं म्हणून धास्ती वाटली. खूप वेळ बघत बसले.

११ मार्च
भाटघरला गेले होते, मैत्रिणीच्या घरी. धरण उतरायला लागलंय. काठावर पाण्यानं एकाखाली एक रेघा ठेवल्यात, जिथं जिथं थांबलं तिथं. मला वाटायचं, पट्ट्यांची कल्पना माझी.

ऐंशीवी पट्टी काल झाली. सहा सूत. रंग लावलाच नाही, नुसता प्रायमर. उजवीकडे दीड फूट फळी कोरी राहिली.

प्रदर्शनाचा फॉर्म आलाय. शीर्षक, माध्यम, आकार, संकल्पना थोडक्यात. शेवटची तारीख ३० एप्रिल. आकार तेवढा भरला.

२४ मार्च
मावशी आल्या. बाजाराला आल्या होत्या, पिशवीतून कांद्याची पात डोकावत होती. खोलीच्या दारात चपला काढल्या. मी म्हटलं, राहू द्या, इथं रंग सांडलेला असतो. काढल्याच.

सर म्हणाले होते, असं चित्र लोकांना वाचता येत नाही. मावशींनी डावीकडून सुरुवात केली. बोट फळीपासून थोडं लांब धरून पट्टीपट्टीनं चालल्या.
“जून का? ... हितं रोप टाकलं. ... ह्यो धुक्याचा व्हय? व्हय, समोरच्यांचं घर दिसंना. ... हितं लावनी.”
मग बोट थांबलं.
“आन ह्यो येवढाच?”
“बारा मिलिमीटर. तसाच मेसेज आहे.”
“ह्याच्या आदल्या रातीपून वसरीत पानी. शेरडं घरात घेतली आमी. बारानं वसरी भरती व्हय? बारानं धुरळा बसत न्हाई, बाय.”
त्या पुढं सरकल्या. फुगलेल्या नऊ दिवसांपाशी मान हलवली. “हे मातुर खरं. तवा काय लई न्हवता, रोजच्यासारखाच. पर हे खरं हाय.” मागं वळून सगळी फळी बघितली. “बाकी तुला कमी घातलंय.”
आणि तोंडाला पदर लावून हसल्या. “लबाड.”
हसता हसताच खाली बसल्या. मी पाणी आणलं. प्यायल्या.

२५ मार्च
मेसेज परत परत. १२. १८. ४०. ०७. शून्य सात का लिहायचा तो? तेव्हा मी विचारलं होतं. ‘सवय.’

२९ मार्च, हिर्डोशी
या वेळी वही पूर्ण बघायची मागितली. मावशींनी पुढ्यात ठेवली. “झाकू नगं आता.”

सतरा दिवस. ११२ चे मला १२. १४० चे ४०. १०७ चे ०७. जिथं शंभराच्या वर, तिथं शंभर काढून टाकलेले. बाकीचे सगळे तंतोतंत. खोटं बोलायचीही त्यानं एक रीत ठेवली होती.

१९ ऑगस्ट: १३१.

२० ऑगस्टची ओळ रिकामी. २१ ला दुसरं अक्षर, शाळेच्या गुरुजींचं: १८६. शेऱ्यात: ‘दोन दिवसांचा मिळून.’ मोजायचं राहिलं तर तसंच लिहितात, पाणी साठलेलं असतं, वेगळं करता येत नाही. म्हणजे द. वर पडला तो पाऊसही त्यातच आहे. आकडा सकाळी मिळतो, पण पाऊस आदल्या दिवसाचा असतो. हे मला माहीत होतं. पण कळलं आज.

मावशी सुपात नाचणी पाखडत होत्या. मी तयारी न करता बोलले. एवढे महिने तयारी केली होती, ती विसरले.
“मावशी, त्या दिवशी मी बोलावलं होतं त्याला. एकतीसच आहे तर ये, म्हटलं.”
सूप थांबलं.
“आकडा मला ठावं व्हता. म्या नळीत बघितला व्हता. तरी म्या म्हनलं, भोरला जातोसच तर खताचं इचारून ये.” मग, “जायाला निमित हुडकत व्हता त्यो. म्या दिलं.”
बाहेर कुणीतरी म्हशीला हाकललं.
“ह्यांना अजून सांगितलं न्हाई म्या,” म्हणाल्या. ‘हे’ म्हणजे द. चे वडील, रानात होते. “तू बी सांगू नगं.”
सूप परत सुरू झालं. मला माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. एसटीच्या वेळी फाट्यापर्यंत आल्या. गाडी दिसल्यावर, “चित्तरावर त्याचं नाव लिवनार का?”
“लिहू का?”
“तुझं लिव. त्याचं म्हायीत हाय.”
कुणाला माहीत आहे, ते सांगितलं नाही.

३० मार्च
राग येतोय का? बघत होते. येतोय, आणि त्याच्यावर नाही, त्या शून्य सातवर. ते शून्य लिहिताना त्यानं माझा चेहरा डोळ्यांसमोर आणला असेल.

मला भीती वाटू नये म्हणून. आणि त्या दिवशी मला भीती वाटली नाही. हेच.

२ एप्रिल
पॉलिश पेपर घेऊन फळीसमोर उभी राहिले. सतरा पट्ट्या घासायच्या, खरं भरायचं. ऐंशीव्यापासून सुरू करणार होते. प्रायमर पांढरा उडायला लागला, हातावर, नाकात. आप्पा आले. हात धरला नाही, फक्त म्हणाले, “आशे, थांब.”
“चुकलंय, आप्पा.”
“बोर्ड चुकला तर आपण खरडतो का? तसा ठेवायचा, दुसरा करायचा. पुढल्या येळी नजर ऱ्हाते.”
“हा चुकलेला नाही. म्हणजे...” सांगता येईना.
ते स्टुलावर बसले. “तो पोरगा बोर्ड न्यायला तीनदा आल्ता. पहिल्यांदाच वाळला होता.”
मी वर बघितलंच नाही.
“मीच म्हनलं, वाळला न्हाई, परत ये.”

१२ एप्रिल
जयंतीच्या कमानी. निळा, पांढरा, निळा. हात निळे. आप्पा, मी आणि वस्तीतली पोरं, चार दिवस दुसरं काही नाही. आई म्हणाली, तू बारीक झालीस. संध्याकाळी कमान उभी केली, तिच्यातून आभाळ गेलं.

दुसरी फळी कालच आणली. पहिली तशीच राहणार, मला सांगितलेला पाऊस. दुसरीवर पडलेला.

२१ एप्रिल
पडलेला पाऊस एका फळीत मावत नाही. जुलैअखेरपर्यंतच फळी संपत आली. आप्पांनी अर्धी जोडून दिली, सांधा पुट्टीनं भरला. रंग दोन्हीकडे तेच ठेवलेत. १२ ची पट्टी आणि ११२ ची, एकाच डब्यातून. दुपारी खिडकीबाहेरच्या झावळीतून ऊन येतं तेव्हा दोन फळ्या शेजारी शेजारी श्वास घेतात. एक वरवर, एक खोल.

पहिली फळी मला जास्त जवळची वाटते. हे लिहून ठेवते, कारण हे बरोबर नाही.

२६ एप्रिल
सर फोनवर. “दोन झाली? मग प्रेमाचं स्मारक म्हणू या. शीर्षकात हवं ते.”
मी म्हटलं, प्रेमाचं नाही, पावसाचं.
“कुणासाठी तरी केलंयस ना पण?”
हो म्हटलं. पहिल्यांदाच कुणाला तरी.

संकल्पनेच्या चौकटीत लिहिलं, ‘पहिल्या फळीवर मला सांगितलेला पाऊस. दुसऱ्या फळीवर पडलेला.’ मावशींना फोन करून वाचून दाखवलं. “आन त्या दोन दिसांचं?” एवढंच विचारलं.

२९ एप्रिल
फक्त शेवटचा पट्टा राहिलाय. १८६, सदतीस सूत रुंद. पहिल्या फळीवर त्या जागी काही नाही, मला कुणी सांगितलंच नाही. दुसऱ्या फळीवर अस्तर देऊन झालं. दोन दिवस आहेत, दोन पट्ट्या हव्यात. मध्ये रेघ हवी. एकोणीस तारखेचा किती, वीसचा किती. भोरला त्या दिवशी किती पडला ते विचारून अंदाज काढता येईल. एकच रुंद पट्टी करून सोडूनही देता येईल, वहीत तसंच आहे. पण तो ज्या पावसात होता तो वेगळा दिसावा असंही वाटतं. आणि त्याला पाठवण्यातला मावशींचा वाटा माझ्यापासून वेगळा काढू नये असंही.

सकाळी आप्पांनी दोरीला गेरू लावला. वरचं टोक त्यांच्याकडे, खालचं माझ्याकडे.
“मधोमध?”
“नको.”
“मग सांग. डावीकडं, उजवीकडं.”
दोरी ताणलेली. गेरूचा एक कण माझ्या मनगटावर पडला. मी सरकवली. परत सरकवली. आप्पांनी त्यांचं टोक सोडलं नाही.
“घाई न्हाई,” म्हणाले.

शेवटी दोन खिळ्यांना तशीच बांधली, फळीपासून बोटभर पुढं. आप्पा जेवायला गेले. मी समोर बसून हे लिहितेय. खिडकीतून ऊन येतंय, दोरीची सावली फळीवर पडलीये. सकाळी ती एकोणीसच्या बाजूला होती. बारा वाजता दोरीच्या बरोबर मागं गेली, क्षणभर दिसेनाशी झाली. आता वीसकडे सरकतेय, हळू, कडा मऊ.

उद्या शेवटची तारीख. हिर्डोशीची गाडी साडेसातला आहे. मावशींना विचारून यावं की त्यांनाच इथं बोलवावं, दोरीचं एक टोक धरायला?

सावली आता खिळ्यापासून चार बोटं पुढं गेलीये.